सायकलवरचा सव्वीस जानेवारी

सव्वीस जानेवारी जवळ आला की गावोगावच्या शाळांतून धांदल सुरू होते. कुणी फक्कीसाठी चुना आणतो, कुणी ध्वजाच्या खांबाची दोरी बदलतो, गुरुजी मुलांची कवायत घेतात. त्या दिवशी सकाळी झेंडावंदन होते, दोन भाषणे होतात, मुलांच्या हातावर खाऊ पडतो आणि नऊ-साडेनवाला पटांगण मोकळे होते. मग उरलेल्या दिवसाचे आपण काय करतो? खरे सांगायचे तर सुट्टी घालवतो.

हा दिवस साजरा करण्याची आणखी एक रीत आहे आणि ती फारशी खर्चाची नाही. चार मित्र जमवावेत, सायकली नीट करून घ्याव्यात आणि चोवीस जानेवारीला सकाळीच घर सोडावे. आम्ही पाच जणांनी मागे एका वर्षी तसे केले. सातारा ते औंध, औंध ते कुंडल, कुंडल ते कऱ्हाड आणि कऱ्हाडहून परत सातारा असा हा चार दिवसांचा, सुमारे दोनशे किलोमीटरचा फेरा. त्यात काय पाहिले, काय चुकले आणि काय शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो. कुणा शिक्षकाला वरच्या वर्गातल्या मुलांना घेऊन लहानशी का होईना अशी सहल काढावीशी वाटली, तर त्याला उपयोग होईल.

आधी एक प्रश्न. चोवीस तारखेलाच का निघायचे? कारण या तीन दिवसांची एक साखळीच आहे. सव्वीस जानेवारी ही तारीख कुणी पंचांग पाहून काढलेली नाही. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि संपूर्ण स्वातंत्र्य हेच आपले ध्येय, असे तिथे ठरले. त्याप्रमाणे २६ जानेवारी १९३० रोजी देशभर सभा भरवून स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली. पुढे दर वर्षी तो दिवस पाळला जाई. स्वातंत्र्य आले ते मात्र पंधरा ऑगस्टला. मग त्या जुन्या दिवसाचे काय करायचे? घटना समितीने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली आणि ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी १९५० हा दिवस धरला. सतरा वर्षे ज्या दिवशी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्या दिवसाचे असे चीज झाले.

त्याच्या आदल्या दोन दिवसांनाही महत्त्व आहे. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या सभासदांनी घटनेच्या प्रतींवर सह्या केल्या, आणि त्याच दिवशी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले. २५ जानेवारीला निवडणूक आयोग स्थापन झाला. म्हणून २०११ सालापासून तो दिवस मतदार दिन म्हणून पाळतात. म्हणजे पहिल्या दिवशी सही, दुसऱ्या दिवशी मताची व्यवस्था आणि तिसऱ्या दिवशी प्रजेचे राज्य. आम्ही ठरवले, आपणही याच क्रमाने तीन मुक्काम करू.

आता मंडळींची ओळख करून देतो. आम्ही दोघे शिक्षक. तिसरे एक शेतकरी मित्र. चौथा माझा पुतण्या, कॉलेजात शिकणारा, अंगात रग असलेला. पाचवे तात्या. तात्या पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. त्यांची काळी, दांडीची, वजनदार सायकल नोकरीतच जुनी झाली होती. त्यांच्या बिटात एक म्हातारे स्वातंत्र्यसैनिक होते. त्यांची मनीऑर्डर आणि टपाल तात्या वर्षानुवर्षे पोचवत आले होते. त्या आजोबांनी दारातल्या बाकावर बसवून तात्यांना बेचाळीस सालच्या किती तरी रात्री सांगितल्या होत्या. "गुडघे थकायच्या आत एकदा कुंडल बघायचं हाय," एवढेच तात्यांचे म्हणणे. पुतण्याने मला बाजूला घेऊन विचारले, "काका, तात्यांना झेपेल का?" मी म्हणालो, "झेपेल तेवढे जाऊ." बोलायला काय, मी बोलून गेलो.

सायकलीविषयी थोडे सांगतो, कारण सहल फसते ती बहुधा येथेच. सायकल नवी आणि महागाचीच हवी असे मुळीच नाही. मात्र निघण्याच्या आठवडाभर आधी ती दुकानात दाखवावी. आदल्या दिवशी दाखवली तर नव्याने बसवलेला भाग रस्त्यातच ढिला पडतो. ब्रेकचे रबर झिजले असेल तर बदलावे. चेनला तेल द्यावे, पण वरचे तेल फडक्याने पुसून घ्यावे. नाही तर त्यावर धूळ बसून चेन करकरू लागते. सीट किती उंच ठेवायची याचा सोपा हिशेब असा: सीटवर बसून पॅडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला म्हणजे उंची बरोबर. पुष्कळ जण सीट फार खाली ठेवतात आणि मग दोन तासांत गुडघे धरतात.

सोबत एक जादा ट्यूब, पंक्चरचे सोल्यूशन, रबराचे तुकडे, काचकागद, पान्हा आणि पंप एवढे हवेच. आपल्या माणदेशाच्या कडेला बाभळीचा काटा कुणाला चुकला आहे? पंक्चर काढताना एक गोष्ट विसरू नये. टायरच्या आतून सगळीकडे हलकेच बोट फिरवून मोडलेला काटा शोधावा आणि उपटून टाकावा. तो आतच राहिला, तर ट्यूब कितीही सुबक चिकटवा, अर्ध्या तासात तुम्ही पुन्हा रस्त्याच्या कडेला! सामान मागच्या कॅरिअरवर घट्ट बांधावे. हॅन्डलला पिशवी अडकवू नये. मागे लाल दिवा किंवा निदान चकाकणारी लाल काच हवीच हवी. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे आणि तासाला दहा मिनिटे उतरून पाय मोकळे करावेत. साध्या सायकलीवर सामानासकट तासाला बारा किलोमीटर धरले, तर हिशेब सहसा चुकत नाही.

चोवीस तारखेला सकाळी आम्ही निघालो. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथे नदीवर धुके होते आणि हाताची बोटे गारठून ब्रेक दाबेनात. कोरेगावला चहा घेतला, रहिमतपूर मागे टाकले आणि ऊन चढल्यावर औंधला पोचलो. पन्नासेक किलोमीटर झाले होते. यमाईचा डोंगर दिसू लागला तसा सगळ्यांना हुरूप आला.

औंध म्हटले की यमाई, देवळापुढची उंच दीपमाळ आणि डोंगरावरचे संग्रहालय लोकांना आठवते. ते संग्रहालय तर पाहावेच. राजा रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत. ती पाहायला मुंबईला जाण्याचे कारण नाही. पण आम्हाला औंधला जायचे होते ते दुसऱ्याच कारणासाठी. औंध हे बहात्तर गावांचे लहानसे संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार. या राजाने १९३९ च्या जानेवारीत एक कायदा करून राज्याचा कारभार रयतेच्या प्रतिनिधींकडे सोपवला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडहून आलेले एक इंजिनीअर यांनी त्यासाठी खटपट केली. महात्मा गांधींचा सल्ला घेण्यात आला. योजना अशी की, गावाने आपली पंचायत निवडावी, गावच्या पंचायतींतून तालुक्याची समिती व्हावी आणि तिथून माणसे राज्याच्या विधिमंडळात जावीत. म्हणजे इमारत पायापासून वर चढवायची, कळसापासून खाली नव्हे. दिल्लीत घटनेवर सह्या झाल्या त्याच्या अकरा वर्षे आधी साताऱ्याच्या या कोपऱ्यात प्रजेच्या राज्याचा असा एक प्रयोग चालू झाला होता. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थान संपले.

रात्री ओळखीच्या एका घरी पिठले-भाकरी खाऊन आम्ही अंगणात बसलो. आमचे शेतकरी मित्र म्हणाले, "राजानं आपणहून राज्य सोडलं, हे खरं. पण आपल्याकडं चालून आलेलं राज्य आपण धरलंय का हातात? ग्रामसभेला मी गेल्या वर्षी एकदाच गेलो." कुणी काही बोलले नाही. आम्हीही फारसे गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवसाचा पल्ला मोठा होता. औंध, पुसेसावळी, कडेगाव आणि पुढे कुंडल, असे साठ-पासष्ट किलोमीटर. कुंडलजवळच्या एका शाळेत सव्वीस तारखेला मुलांसमोर दोन शब्द बोलायचे मी कबूल केले होते, म्हणून संध्याकाळपर्यंत पोचणे भाग होते. निघायलाच उशीर झाला. पुसेसावळीच्या आधी एक पंक्चर, नंतर दुसरे. याच परिसरात जयराम स्वामींचे वडगाव आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर लोकांचा मोर्चा गेला, त्यात वडगावचे परशुराम घार्गे आघाडीवर होते. हातात तिरंगा होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ते आणि आणखी काही जण तिथेच पडले. तात्यांनी सायकल उभी केली आणि टोपी काढून हातात धरली. मोटारीने गेलो असतो तर हे नाव खिडकीतून निघून गेले असते. सायकलीचा मोठा गुण हा की, कुठेही थांबायला ती हरकत घेत नाही.

दुपारी वारा समोरून सुटला. सपाट रस्तासुद्धा चढासारखा वाटू लागला. पुतण्या पुढे गेला, दिसेनासा झाला. तात्या मागे पडले. आम्ही थांबायचे, ते यायचे, दम खायचे आणि पुन्हा मागे पडायचे. कडेगावच्या अलीकडे चार वाजले. त्यांचा गुडघा सुजला होता हे मला दिसत होते. पण मला घड्याळही दिसत होते. माझा तोल गेला आणि मी म्हणालो, "तात्या, तुम्ही इथून एस. टी. धरली तर बरे होईल. तुमच्यापायी सगळ्यांचाच खोळंबा होतो आहे."

तात्या रागावले नाहीत. कॅरिअरची दोरी आवळत म्हणाले, "गुरुजी, सायकल माझीच हाय, वाटबी माझ्या वळखीची हाय. तुमी व्हा म्होरं. मी येतो बैजवार."

झाले! आम्ही पुढे निघालो. दोनेक किलोमीटर गेलो असू. वळणावर पुतण्या सायकल आडवी टाकून बसला होता. त्याने विचारले, "तात्या कुठे आहेत?" मी सांगितले. तो उठला, सायकल उलटी फिरवली आणि एवढेच म्हणाला, "काका, उद्या मुलांना आपण काय सांगणार आहोत?"

श्रोतेहो, त्या वेळी मला वाईट वाटले, हे कबूल करतो. सकाळपासून मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. घटनेने धनवान आणि गरीब, शिकलेला आणि अडाणी, सर्वांना सारखेच एक मत दिले, हे त्यातले मुख्य वाक्य होते. आणि इकडे पाचांतला एक माणूस मला जड झाला होता. आम्ही सगळेच मागे वळलो. तात्या सायकल हातात धरून चालत येत होते.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. जो सर्वांत सावकाश चालवतो, त्याने सर्वांच्या पुढे राहायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे. सहल काढणाऱ्यांनी हा नियम लिहून ठेवावा. सावकाश जाणारा मागे असला की तो एकटा पडतो. पुढचे थांबून ताजेतवाने होतात आणि तो पोचताच निघतात, त्यामुळे त्याला विश्रांती अशी मिळतच नाही. तो पुढे असला की सगळी रांग त्याच्या चालीने चालते आणि कुणी मागे राहत नाही. लांबच्या पल्ल्यात त्याने वेळही फारसा जास्त लागत नाही.

कडेगाव ओलांडले तोवर अंधार पडू लागला. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचे दिवस. टेंभू आणि ताकारी योजनांचे पाणी आल्यापासून या कोरड्या भागात उसाचे फड उभे राहिले आहेत. रस्त्याने उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सारख्या ये-जा करतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो. अंधारात अशा रस्त्यावर सायकल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. आत वळणाऱ्या एका वाटेवर पाच-पन्नास घरांची वाडी दिसली. दारात भांडी घासणाऱ्या एका आजींना आम्ही कुंडलची वाट विचारली. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "रातचं कुटं निघालाय बाबांनो? उसाच्या गाड्या चालल्यात. ऱ्हावा की हितंच. साळंच्या वट्ट्यावर जागा हाय." कुंडलजवळच्या शाळेच्या गुरुजींना फोन करून मी माफी मागितली. ते म्हणाले, "सांभाळून या, घाई नको." एका शब्दापायी मी जीव टाकत होतो आणि तो शब्द असा अर्ध्या मिनिटात सुटला.

ती दोन शिक्षकांची शाळा. सकाळी सहालाच गुरुजी आणि बाई आल्या. आम्ही पटांगण झाडू लागलो. ध्वजाची घडी घालायला गुरुजींनी मला हाक मारली. शिक्षकांसाठी म्हणून ती रीत सांगतो. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडावा, म्हणजे मधले अशोकचक्र वर राहते; मग दोन्ही बाजूंनी घडी आत घ्यावी. बांधताना केशरी पट्टा वर येईल याची दोनदा खात्री करावी. गाठ सरक हवी. घट्ट गाठ ऐन वेळी सुटत नाही आणि दोरी ओढता ओढता गुरुजींना घाम फुटतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ध्वज झपाट्याने वर चढवावा आणि संध्याकाळी सावकाश, आदराने उतरवावा. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला बावन्न सेकंद लागतात. घाईही नको आणि लांबणही नको.

कागदी झेंड्यांविषयीही सांगायला हवे. लहान मुलांनी कागदी झेंडा हातात धरायला हरकत नाही, पण कार्यक्रम संपल्यावर ते रस्त्यात पडलेले दिसतात. ध्वजसंहितेप्रमाणे ते जमिनीवर टाकणे चूक आहे. ते गोळा करून, सन्मानाने आणि खासगीत त्यांची व्यवस्था लावायची असते. म्हणूनच आमच्या सायकलींना आम्ही झेंडे लावले नव्हते. वाऱ्यात ते फाटतात, गळून पडतात आणि मागून येणाऱ्या चाकाखाली जातात. त्यापेक्षा वाटेत पडलेले झेंडे उचलून पिशवीत ठेवणे हे सायकलवाल्याला सहज जमणारे काम आहे.

एवढ्यात कुणाच्या तरी ध्यानात आले, तात्या कुठे दिसत नाहीत. शाळेच्या मागे उसाचा फड तुटला होता आणि त्याच्या बांधाला तोडणी कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. पाहतो तर तात्या लंगडत लंगडत त्या बाजूने येत होते आणि त्यांच्यामागून सात-आठ मुले. केस विंचरलेले, तोंडे धुतलेली, एकीच्या कडेवर धाकटा भाऊ. बीडकडची मुले होती. त्यांचे आई-बाप पहाटेच फडात गेले होते. शाळेच्या कुंपणाशी ती रोज उभी राहत आणि घंटा झाली की पळत. तात्यांनी त्यांना विचारले होते, "झेंड्याला येता का रं?" मुले म्हणाली, "आमची साळा न्हाई ती."

बाई चटकन पुढे झाल्या आणि त्यांनी त्या मुलांना रांगेत घेतले. उंचीप्रमाणे रांगा होत्या, म्हणून ती सगळ्या रांगांत विखुरली गेली आणि कोण कुठले, हे ओळखू येईना. ध्वज वर गेला, गाठ सुटली, फुलांच्या पाकळ्या पडल्या. राष्ट्रगीत त्या मुलांपैकी तिघांना पाठ होते.

मग मला बोलायला सांगितले. जुळवलेले भाषण मी बाजूला ठेवले. क्रांतिसिंह नाना पाटलांची गोष्ट सांगितली. या मुलखात १९४३ पासून इंग्रजांचे राज्य जुमानायचे नाही असे लोकांनी ठरवले आणि स्वतःचे प्रतिसरकार चालवले. गावातले तंटे गावच्या न्यायमंडळापुढे सुटू लागले. कमी खर्चाची लग्ने लागू लागली, त्यांना लोक गांधी-विवाह म्हणत. दारूबंदी आणि ग्रंथालये यांकडेही त्यांनी लक्ष दिले. बैलाच्या पायाला पत्री ठोकतात तशी शिक्षा गुंडांना होते, असे लोकांत बोलले जाई. त्यावरून 'प्रति'चे 'पत्री' झाले आणि पत्री सरकार हे नाव पडले. हे सांगून मी म्हणालो, "मुलांनो, हे नाना पाटील साताऱ्याचे. पण १९६७ साली त्यांना लोकसभेत कुणी निवडून पाठवले ठाऊक आहे? बीडच्या लोकांनी!" कडेवर भाऊ घेतलेली ती मुलगी पहिल्यांदा मान वर करून हसली. माझे भाषण तिथेच संपले.

शिक्षक मित्रहो, या ठिकाणी एक कायद्याची गोष्ट आपल्या कानावर घालतो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे; त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मूल दुसऱ्या जिल्ह्यातून हंगामापुरते आले आणि त्याच्याजवळ जुन्या शाळेचा दाखला नाही, म्हणून त्याला दारातून परत लावता येत नाही. दाखला मागाहून येऊ शकतो. गावातल्या लोकांनी आपल्या शिवारातल्या कोप्यांतली मुले मोजावीत आणि गुरुजींना सांगावे. एवढे काम सव्वीस जानेवारीला झाले, तरी दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

जिलबी वाटली गेली. तात्यांचा गुडघा आजींनी हळदीचा लेप लावून बांधून दिला. आम्ही सावकाश निघालो, तात्या पुढे आणि आम्ही मागे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे लागले. १९३२ साली तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. वय विशीच्या आतले. त्या दिवशी सकाळी आम्ही जे निर्धास्तपणे केले, त्याची एके काळी ही किंमत होती. सागरेश्वराच्या डोंगराच्या कडेने उतरलो आणि कुंडल आले.

कुंडल हे औंध संस्थानातले गाव. आजूबाजूला इंग्रजांचा मुलूख आणि मधे ही संस्थानी हद्द, त्यामुळे भूमिगतांना तिथे आसरा मिळे. क्रांतिअग्रणी जी. डी. लाड, म्हणजे जी. डी. बापू, याच गावचे. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे ते फील्ड मार्शल. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रज सरकारच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली गेली, त्यात ते पुढे होते. तात्या गावात आले, सायकल भिंतीला लावली आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. मी विचारले, "कसे वाटते, तात्या?" ते म्हणाले, "म्हाताऱ्यानं सांगितलं तसंच हाय गाव. आता त्येला सांगायला पायजे हुतं." ते आजोबा वारून काही वर्षे झाली होती.

शेजारी किर्लोस्करवाडी आहे. सायकलवाल्यांनी तिथे थांबून एक आठवण जरूर काढावी. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना उभारला; लोखंडी नांगर त्यांनी त्याच्या काही वर्षे आधीच घडवला होता. पण त्यांच्या धंद्याची सुरुवात कशाने झाली? १८८८ साली बेळगावात काढलेल्या सायकलच्या दुकानाने! पुतण्याने हे ऐकून आपल्या सायकलीच्या सीटवर थाप मारली.

पुढचे थोडक्यात सांगतो. कुंडल ते कऱ्हाड चाळीसेक किलोमीटर. झेंडावंदनाच्या गावातून उशिरा निघाल्यामुळे कऱ्हाडला जेमतेम दिवस मावळताना पोचलो. सत्तावीसला सकाळी कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहिला. तिथून सातारा पन्नासेक किलोमीटर, पण तो महामार्ग आहे. मोटारींची वर्दळ फार. तिथे बाजूच्या सेवारस्त्यानेच जावे आणि लहान मुले बरोबर असतील तर सरळ आगगाडी धरावी. तात्यांना आम्ही आगगाडीचा आग्रह केला नाही. त्यांनाच विचारले. त्यांनी विचार करून सांगितले, "गुडघा म्हनतोय गाडीनं जा." मग आम्ही सगळेच गाडीने गेलो. सायकली सामानाच्या डब्यात टाकल्या.

आता कुणी म्हणेल, यात राष्ट्रीय सण कुठे साजरा झाला? दोन पंक्चर, एक भांडण, एक सुजलेला गुडघा आणि ठरल्या जागी झेंडावंदन नाहीच. खरे आहे. पण त्या चार दिवसांनंतर आमच्यात दोन गोष्टी बदलल्या. आमचे शेतकरी मित्र आता ग्रामसभेला चुकत नाहीत. आणि माझ्या शाळेत दर वर्षी गाळप हंगाम सुरू झाला की मी पहिल्या आठवड्यातच सायकल काढतो आणि शिवारातल्या कोप्यांवर एक फेरी मारून येतो. हे काम सायकलीनेच करावे लागते, कारण कोपीपर्यंत दुसरे वाहन जात नाही.

तेव्हा येत्या सव्वीस जानेवारीला आपल्या भागातले असे एखादे गाव निवडा. हुतात्म्याचे असेल, पहिल्या शाळेचे असेल, गावाने मिळून बांधलेल्या बंधाऱ्याचे असेल. दोनशे किलोमीटर नकोत, वीस पुरेत. चाकांत हवा भरा, गूळ-शेंगदाणे बांधून घ्या, मागच्या दिव्याची खात्री करा. आणि निघताना जो सगळ्यांत सावकाश चालवतो, त्याला पुढे घाला.